नगराची पाठचिकित्सा : रोममधील साम्राज्याच्या खुणांचे पायी वाचन

प्रास्ताविक

प्राचीन साम्राज्याचा अभ्यास सामान्यतः ग्रंथ, कोरीव लेख, नाणी आणि उत्खननाचे अहवाल या साधनांच्या आधारे केला जातो. याखेरीज आणखी एक साधन अभ्यासकासमोर उघडे असते. ते म्हणजे त्या साम्राज्याच्या राजधानीवर वसलेले आजचे नगर. नगर ही एक संहिता मानली, तर त्यातून पायी फिरणे ही वाचनाची क्रिया ठरते. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कल्पना विस्ताराने मांडली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या 110 व्या मजल्यावरून एका नजरेत सामावणारे नगर आणि खाली चालणाऱ्यांच्या पावलांनी घडत जाणारे नगर यांत त्यांनी भेद केला. पहिले नगर नियोजनकाराचे व सत्तेचे असते, तर दुसरे त्यात राहणाऱ्यांचे.

हा भेद स्वीकारला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. पायी चालणाऱ्याच्या वाटेवर ज्या खुणा येतात त्या तेथे कोणी ठेवल्या? जुन्या हस्तलिखिताचा अभ्यासक हाती आलेली पोथी ही मूळ संहिता आहे असे गृहीत धरीत नाही. कोणता मजकूर मूळचा, कोणता प्रक्षिप्त, कोणत्या ओळी कोणत्या लेखनिकाने गाळल्या, हे तो आधी तपासतो. नगराच्या वाचकाने मात्र ही पाठचिकित्सा क्वचितच केलेली दिसते. त्याला जे भग्नावशेष दिसतात त्यांनाच तो साम्राज्य समजतो. प्रस्तुत लेखात रोम नगराच्या संदर्भात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. रोममध्ये पायी फिरताना दिसणाऱ्या साम्राज्याच्या खुणा दोन प्रकारच्या आहेत : एक, नंतरच्या सत्तांनी निवडून दाखवलेल्या; आणि दोन, लोकांच्या वापरामुळे उरलेल्या. या दोहोंची गल्लत केली असता साम्राज्याचे आकलन सदोष होते, इतकेच नव्हे तर त्या गल्लतीची किंमत नगरात राहणाऱ्या माणसांना मोजावी लागते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पायी वाचनाची परंपरा

रोमचे पायी वाचन नवे नाही. बाराव्या शतकात सिद्ध झालेला ‘मिराबिलिया’ हा लॅटिन ग्रंथ यात्रेकरूंना नगरातील आश्चर्यांची ओळख करून देत असे. त्यात ऐतिहासिक सत्य आणि दंतकथा यांची सरमिसळ आहे. आधुनिक अभ्यासक तो ग्रंथ भाबडा म्हणून बाजूला सारतात. परंतु त्यातील नगर जिवंत आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या काळच्या माणसाला अवशेष हे ‘अवशेष’ वाटत नसत. ते त्याच्या श्रद्धेचा आणि व्यवहाराचा भाग होते. सम्राट मार्कस ऑरेलियसचा कांस्याचा अश्वारूढ पुतळा मध्ययुगात ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइनचा समजला जाई. हा गैरसमजच त्या पुतळ्याचा रक्षक ठरला; अन्यथा इतर अनेक पुतळ्यांप्रमाणे तोही वितळवला गेला असता. चुकीच्या वाचनानेही संहिता टिकून राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पंधराव्या शतकात पोज्जो ब्राच्चोलिनी या मानवतावादी विद्वानाने कॅपिटोलिन टेकडीवरून पडझड झालेल्या नगराकडे पाहून दैवगतीचे चिंतन केले. एडवर्ड गिबनच्या महाग्रंथाचे अखेरचे प्रकरण पोज्जोच्या याच प्रसंगापासून सुरू होते. गिबनने आत्मचरित्रात स्वतःचाही तसाच प्रसंग नोंदवला आहे. 15 ऑक्टोबर 1764 रोजी कॅपिटोलच्या अवशेषांत बसलेला असताना अनवाणी भिक्षूंची सायंप्रार्थना त्याच्या कानी पडली आणि नगराच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना त्याच्या मनात आली. तेथे ज्युपिटरचे मंदिर होते, असे तो समजून चालतो. वस्तुतः भिक्षूंचे आराचेली चर्च टेकडीच्या एका शिखरावर आहे आणि ज्युपिटरचे मंदिर दुसऱ्या शिखरावर होते. स्थळाची ही चूक किरकोळ मानता येईल. दृष्टीतील चूक मात्र किरकोळ नाही. गिबनच्या कानावर जे पडले ते जिवंत नगर होते. ज्या जागी माणसे रोज एकत्र जमून गात होती, ती जागा त्याला केवळ ऱ्हासाची पार्श्वभूमी वाटली. अवशेषांत बसून साम्राज्य पाहणाऱ्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो, हा या परंपरेचा दोष येथे स्पष्ट होतो.

याउलट रोदोल्फो लान्चानी या पुरातत्त्वज्ञाने 1893 ते 1901 या काळात 46 पत्रकांत प्रसिद्ध केलेला रोमचा नकाशा निराळ्या वृत्तीचा आहे. त्यात प्राचीन भिंती आणि आधुनिक रस्ते वेगवेगळ्या रंगांत, पण एकाच कागदावर दाखवले आहेत. तो हाती घेऊन चालणाऱ्याला आपण एकाच वेळी दोन नगरांतून चाललो आहोत, याचे भान राहते. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर ही पाठभेदांसह सिद्ध केलेली आवृत्ती आहे.

संपादित साम्राज्य

आजच्या रोममध्ये आलेला बहुतेक प्रत्येक पाहुणा पियात्सा व्हेनेत्सियापासून कॉलोसियमकडे चालत जातो. एक किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा हा सरळ, रुंद रस्ता आहे. दोन्ही बाजूंस सीझर, ऑगस्टस, नेर्व्हा व ट्रेजन यांच्या फोरमचे अवशेष पसरलेले आहेत आणि समोर कॉलोसियम उभे आहे. साम्राज्य आपणहून समोर प्रकट झाले आहे, असा भास येथे होतो. परंतु हा देखावा प्राचीन नाही. प्राचीन रोममध्ये असा सरळ रस्ता नव्हता. बेनितो मुसोलिनीच्या राजवटीत तो बांधला गेला आणि फॅसिस्टांच्या रोमवरील मोर्चाच्या दहाव्या वर्धापनदिनी, 28 ऑक्टोबर 1932 रोजी, त्याचे उद्घाटन झाले. त्याचे तेव्हाचे नाव ‘साम्राज्याचा मार्ग’ असेच होते. पुढे ते बदलून ‘साम्राज्यकालीन फोरमांचा मार्ग’ असे झाले.

हा रस्ता काढण्यासाठी सोळाव्या शतकापासून वसलेली अलेस्सांद्रीनो ही वस्ती पाडण्यात आली. वेलिया नावाची टेकडी कापून काढली गेली, कारण ती व्हेनेत्सिया चौकातून कॉलोसियम दिसण्याच्या आड येत होती. घरे, कारागिरांच्या कार्यशाळा, लहान चर्चे नाहीशी झाली. तेथील अनेक रहिवाशांना नगराच्या सीमेबाहेर उभारलेल्या, सोयींपासून वंचित अशा वसाहतींत पाठवण्यात आले. या वसाहती ‘बोर्गाते’ या नावाने ओळखल्या जातात. मध्ययुगीन थर पुरेशा नोंदीविनाच खरवडले गेले. शिवाय जे फोरम मोकळे करण्यासाठी हा खटाटोप केल्याचे सांगितले गेले, त्यांचाच मोठा भाग नव्या रस्त्याखाली गाडला गेला. लष्करी संचलनाला रस्ता हवा होता आणि संचलनाला पार्श्वभूमी म्हणून स्तंभ हवे होते. येथील संपादकाने मूळ संहितेतील आपल्याला हवी तेवढी पाने ठेवली, मधल्या दीड हजार वर्षांची पाने फाडली आणि उरलेल्या पानांची शिवण आपल्या सोयीने घातली.

त्यामुळे या रस्त्याने चालणारा वाचक पहिल्या शतकातील साम्राज्याइतकीच 1932 मधील साम्राज्याकांक्षाही वाचत असतो. फाडलेल्या पानांची नोंद त्याने घेतली नाही, तर तो नकळत त्या संपादकाचा सहप्रवासी होतो.

नकाशा आणि मिरी

याच रस्त्यावर मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकेची प्रचंड भिंत लागते. 1934 मध्ये या भिंतीवर संगमरवरात घडवलेले चार नकाशे लावण्यात आले. पहिल्यात रोम हा केवळ एक ठिपका आहे. दुसऱ्यात प्यूनिक युद्धांनंतरचा, तिसऱ्यात ऑगस्टसच्या मृत्यूच्या वेळचा आणि चौथ्यात ट्रेजनच्या काळातील विस्तार दाखवला आहे. इथिओपिया जिंकल्यानंतर, 1936 मध्ये, फॅसिस्ट इटलीचे ‘साम्राज्य’ दाखवणारा पाचवा नकाशा तेथे जोडला गेला. युद्धानंतर तो काढून टाकण्यात आला. हे नकाशे साम्राज्याची एक व्याख्या करतात : साम्राज्य म्हणजे रंगवलेला प्रदेश. त्या रंगाची सीमा जितकी पुढे सरके तितके साम्राज्य मोठे, असा त्यांचा आशय आहे.

या व्याख्येचे खंडन त्याच बॅसिलिकेच्या जमिनीखाली आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी ही इमारत उभी राहिली त्यापूर्वी येथे सम्राट डोमिशियनच्या काळात बांधलेले मिरीचे कोठार होते. मिरी भारतातून येत असे. मलबारच्या किनाऱ्यावरील मुझिरिससारख्या बंदरांतून निघालेला माल तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र ओलांडून टायबर नदीपर्यंत पोहोचे. थोरल्या प्लिनीने आपल्या ज्ञानकोशात काळ्या मिरीचा भाव एका रोमन पौंडास 4 दिनार असा दिला आहे आणि भारताच्या व्यापारापायी दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी खंतही नोंदवली आहे. भारत भिंतीवरच्या त्या रंगात कधीच नव्हता. तरीही रोमच्या ऐन मध्यवर्ती भागात, पवित्र मार्गाच्या काठी, भारतीय मालासाठी सरकारी कोठार बांधावे लागले होते. नकाशातील साम्राज्य जिंकणारे आहे. कोठारातील साम्राज्य परावलंबी आहे. एकाच इमारतीची भिंत एक गोष्ट सांगते आणि तिचा पाया दुसरी.

महाराष्ट्रातील वाचकाला या कोठाराचे विशेष अगत्य वाटावे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण, तेर व कल्याण या बाजारपेठांचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या सागरदेवतेची लहान कांस्यमूर्ती सापडली आहे. येथील संशोधनात अशा वस्तूंकडे बहुधा ‘रोमन प्रभावाचा पुरावा’ म्हणून पाहिले जाते. रोममधील मिरीचे कोठार ही दिशा उलटी करते. प्रभावाचा प्रवास एकमार्गी नव्हता, हे सांगणारी खूण साम्राज्याच्या राजधानीतच आहे. मात्र ती शोधण्यासाठी नकाशावरून नजर काढून पायांखाली पाहावे लागते.

वापरात उरलेल्या खुणा

आता दुसऱ्या प्रकारच्या खुणांकडे वळता येईल. व्हेनेत्सिया चौकातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ऑगस्टसच्या काळात पूर्ण झालेले मार्सेलसचे नाट्यगृह आहे. खालच्या दोन मजल्यांवर प्राचीन कमानी दिसतात, तर त्यांच्या माथ्यावर सोळाव्या शतकातील प्रासादाच्या खिडक्या आहेत. मध्ययुगात सरदार घराण्यांनी नाट्यगृहाचा किल्ला केला, नंतर त्याचा वाडा झाला आणि त्या वाड्यात आजही लोक राहतात. खालच्या कमानींतली दुकाने मात्र 1926 नंतरच्या ‘मुक्तीकरणा’त हटवली गेली. वरच्या भागात वापर चालू राहिला आणि खालच्या भागात तो थांबवला गेला. या एकाच इमारतीत खुणांचे दोन्ही प्रकार एकावर एक उभे आहेत.

तेथून वायव्येस काही मिनिटांच्या अंतरावर पियात्सा नव्होना हा लांबट, एका टोकास गोलाकार असलेला चौक लागतो. हा आकार पहिल्या शतकातील डोमिशियनच्या क्रीडांगणाचा आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी घरे उभी राहिली आणि खेळाडूंची धावण्याची जागा मोकळी राहिली. जवळच ग्रोत्ता पिन्ता या गल्लीतील घरांची वक्र रांग इ.स.पू. 55 मधील पॉम्पीच्या नाट्यगृहाच्या प्रेक्षागाराचे वळण पाळते. येथे पाहण्याजोगा अवशेष फारसा नाही; उरला आहे तो आकार. साम्राज्याचे दगड गेले, पण त्याने घातलेले वळण घरे बांधणाऱ्यांच्या भिंतींत उतरले. अशी खूण छायाचित्रापेक्षा पावलांना अधिक कळते, कारण वळण हे चालल्यानेच उमगते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी 1930 मध्ये मनाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी रोमचाच दृष्टान्त योजला होता. रोमचे सर्व कालखंड एकाच जागी एकाच वेळी उभे आहेत अशी कल्पना त्यांनी केली आणि लगेच ती सोडून दिली. एका जागेत दोन वस्तू राहू शकत नाहीत, पाडापाडी हा नगराचा धर्मच आहे, हे त्यांचे कारण. तर्कदृष्ट्या ते बिनतोड आहे. पायी वाचनाचा अनुभव मात्र त्याला पूर्णपणे दुजोरा देत नाही. कॉलोसियमच्या पूर्वेस असलेल्या सान क्लेमेन्ते चर्चमध्ये बाराव्या शतकातील चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च आहे आणि त्याही खाली पहिल्या शतकातील इमारती व मिथ्र देवतेचे पूजास्थान आहे. 1857 मध्ये जोसेफ मुलूली या आयरिश धर्मोपदेशकाने हे थर शोधून काढले. सर्वांत खालच्या थरात वाहत्या पाण्याचा आवाज आजही ऐकू येतो. वर उपासना चालू आहे आणि खाली पाणी वाहते आहे. कालखंड एका जागेत मावत नाहीत हे खरे. पण एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहू दिले, तर ते एका जिन्याने जोडता येतात. फ्रॉइड ज्या पाडापाडीला नगराचा स्वभाव म्हणत होते, ती त्या वर्षी रोममध्ये शासनाचे धोरण होती, हेही विसरता येत नाही.

खापरांची टेकडी

साम्राज्याचे वाचन सम्राटांच्या नावांपाशी थांबू नये, यासाठी नगराच्या दक्षिणेस टायबरकाठच्या तेस्ताच्चो या वस्तीपर्यंत चालत जाणे आवश्यक ठरते. येथे सुमारे 35 मीटर उंचीची, परिघाने जवळपास एक किलोमीटर भरणारी एक हिरवी टेकडी आहे. ती पूर्णतः फुटक्या मातीच्या कुंभांची आहे. अभ्यासकांच्या अंदाजानुसार तीत 5 कोटींहून अधिक कुंभांची खापरे असावीत. हे कुंभ प्रामुख्याने दक्षिण स्पेनमधून आणि काही उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल घेऊन येत. तेल मुरलेला कुंभ पुन्हा वापरता येत नसे. म्हणून तो फोडून येथे नीट रचला जाई आणि दुर्गंधी दबावी म्हणून वर चुना टाकला जाई.

1872 मध्ये हाइनरिश ड्रेसेल यांनी या खापरांवरील शाईच्या नोंदी वाचण्यास आरंभ केला. रिकाम्या कुंभाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणीची नोंद आणि कॉन्सलांच्या नावांवरून कळणारे वर्ष असा तपशील त्यांवर आढळतो. सम्राटांनी आपले पराक्रम संगमरवरावर कोरवून घेतले. साम्राज्याचा दैनंदिन हिशेब मात्र फेकून दिलेल्या खापरांवर राहिला. हे कुंभ जहाजातून उतरवणारे, वाहणारे व फोडणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे येथेही नाहीत. पण त्यांच्या श्रमाचे आकारमान आहे. त्यावर चढायला माणसाला दम लागतो.

श्रमाची अशीच दुसरी खूण पूर्वेकडील पोर्ता माज्जोरे या वेशीबाहेर आढळते. मार्कस व्हर्जिलियस युरिसासिस या पाववाल्याची ही समाधी इ.स.पू. पहिल्या शतकातील आहे. तिच्या वरच्या पट्टीवर धान्य दळणे, पीठ मळणे, भट्टी लावणे, पाव तोलणे ही कामे करणारी माणसे कोरलेली आहेत. नंतरच्या तटबंदीत ही समाधी बुरुजाआड झाकली गेली आणि 1838 मध्ये बुरुज पाडल्यावर उघडी पडली. आज तिच्या शेजारून ट्राम धावतात. कामावर जाणाऱ्या माणसांच्या वाटेवर काम करणाऱ्या माणसांचे शिल्प उभे आहे; पर्यटकांची गर्दी मात्र येथे विरळ असते.

आक्षेप आणि मर्यादा

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वापर हा नेहमीच रक्षक नसतो. राफाएल या चित्रकाराने सुमारे 1519 मध्ये पोप दहावे लिओ यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात प्राचीन संगमरवर भट्ट्यांत जाळून चुना केला जात असल्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले आहे. पॅन्थिऑनच्या द्वारमंडपातील कांस्य सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी काढून नेले. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. वापरातही गाळणूक होते. फरक इतकाच की, ती गाळणूक स्वतःला ‘मूळ संहिता’ म्हणून मिरवीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, उत्खनन झाले नसते तर ज्ञानही झाले नसते. येथे उत्खननाला विरोध अभिप्रेत नाही. एका थरासाठी इतर थर नोंदीविना नष्ट करण्याला आहे. अलीकडील दोन उपक्रम या दृष्टीने उल्लेखनीय ठरतात. 2018 मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हान्नी मेट्रो स्थानकात खाली उतरताना प्रत्येक खोलीवरील कालखंड भिंतीवर दर्शवला आहे आणि तेथे सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. 2024 मध्ये चेलियो टेकडीवर उघडलेल्या संग्रहालयात तिसऱ्या शतकाच्या आरंभी संगमरवरावर कोरलेल्या रोमच्या भव्य नकाशाचे तुकडे जमिनीवर काचेखाली ठेवले आहेत. त्यांच्या खाली आधार म्हणून जाम्बात्तिस्ता नोल्ली यांचा 1748 चा नकाशा अंथरला आहे. पाहणारा या दोन्ही नकाशांवरून चालत जातो. प्राचीन नकाशाचा सुमारे दहावा हिस्साच उरला आहे आणि उरलेली रिकामी जागा येथे झाकलेली नाही. त्रुटित पाठ त्रुटित म्हणून छापण्याचा प्रामाणिकपणा तो हाच.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या संदर्भात महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ आठवणे स्वाभाविक आहे. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने तीत दिशांच्या निर्देशासह नोंदवलेली आहेत. तेथे एखाद्या जागेचे महत्त्व वास्तूच्या भव्यतेवरून ठरत नाही. तेथे कोण थांबले, काय घडले, यावरून ठरते. रोमसारख्या नगराच्या वाचनालाही हा निकष लावून पाहण्याजोगा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

1. आधुनिक नगरात दिसणारे प्राचीन साम्राज्य ही एक संपादित आवृत्ती असते. तिच्या संपादकाचा काळ व हेतू तपासल्याशिवाय तिचे वाचन पूर्ण होत नाही.

2. वापरामुळे टिकलेल्या खुणा दिसायला गौण असल्या तरी त्या साम्राज्यानंतरच्या काळाचीही साक्ष देतात. केवळ दाखवण्यासाठी मोकळ्या केलेल्या खुणा मधला काळ पुसून टाकतात.

3. साम्राज्याची व्याख्या प्रदेशाच्या विस्तारावरून केली तर मिरीचे कोठार, खापरांची टेकडी आणि पाववाल्याची समाधी तीत बसत नाहीत. आणि त्यांच्याशिवाय ते साम्राज्य एक दिवसही चालले नसते.

4. पायी वाचन ही निरागस क्रिया नाही. चालणाऱ्याच्या पायांखालची वाट कोणाची घरे पाडून रुंद झाली, हा प्रश्न त्या वाचनाचाच भाग आहे.

शेवटचा मुद्दा रोमपुरता मर्यादित नाही. वारसास्थळांभोवतीची ‘अतिक्रमणे’ हटवून परिसर ‘मोकळा’ करण्याची भाषा जेथे जेथे बोलली जाते, तेथे तेथे तो लागू पडतो. हटवले जाणारे प्रत्येक घर राखण्याजोगे असेलच असे नाही; परंतु ते हटवण्यापूर्वी तोही संहितेचा एक पाठ आहे, हे ओळखून त्याची नोंद होणे आवश्यक आहे. मुसोलिनीच्या रस्त्यावरून कॉलोसियम फार स्पष्ट दिसते. अलेस्सांद्रीनो वस्तीतील गल्ल्यांतून ते तसे दिसत नव्हते. मात्र त्या गल्ल्यांत माणसे राहत होती.